लायकेन स्क्लेरोसस: स्टिरॉइड मलमाला घाबरायचं का?

‘नाजूक जागी स्टिरॉइड लावलं की कातडी पातळ होते’ हा समज लायकेन स्क्लेरोससमध्ये फार नुकसान करतो. या आजारात योनिमुखाभोवतीची त्वचा पांढरट, चुरगळल्यासारखी होते, चिरा पडतात, रात्री खाजेने झोप लागत नाही. हा संसर्ग नाही. बुरशीच्या मलमांनी तो जात नाही. त्वचा बिघडते ती सततच्या दाहामुळे, आणि तो आवरायला पहिली पसंती क्लोबेटासोल ०.०५ टक्के या अतितीव्र स्टिरॉइड मलमालाच आहे.

भीती अगदीच निराधार नाही. मनानेच चेहऱ्यावर, जांघेत महिनोन्महिने स्टिरॉइड चोपडलं तर त्वचेची वाट लागतेच. इथे मात्र मात्रा मोजून देतात: साधारणपणे पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक रात्र सोडून, तिसरा आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब या तिन्ही महिन्यांना पुरते, इतकं ते थोडं. ‘गुप्तांगावर लावू नये’ ही माहितीपत्रकातली ओळ वाचून अनेकजणी ट्यूब उघडतही नाहीत. या आजारात ती ओळ लागू नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावायला हवं, असं मला वाटतं.

खाज थांबली म्हणून मलम सोडणं हीदेखील नेहमीची चूक. दाह आतून चालू राहिला तर त्वचेच्या घड्या एकमेकींना चिकटतात, योनिमुख आकसतं. थोड्या स्त्रियांमध्ये कर्करोगही होतो. म्हणून बहुतेकींना अधूनमधून मलम चालू ठेवावं लागतं आणि न भरणारी जखम किंवा गाठ लगेच दाखवावी लागते.

स्टिरॉइड पुरेसं पडलं नाही तर टॅक्रोलिमस, म्हणजे दाह कमी करणारं पण स्टिरॉइड नसलेलं मलम. टेस्टोस्टेरॉनचं मलम कधीच मागे पडलं. लेझरची जाहिरात जोरात असली तरी पुरावा अजून तोकडाच आहे.