मॉनिटरच्या पोटातला टॅग

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझा भाचा सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज ही त्याची रोजची कामं. लॅपटॉपचं तोंड त्याच्याकडे, त्यामुळे समोर बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या अर्जात काय भरलं जातंय ते दिसत नाही. नावातली एक वेलांटी इकडची तिकडे झाली की ते आधार कार्डाशी जुळत नाही आणि पुढे हेलपाटे सुरू होतात. म्हणून यंदा विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी त्याने यवतमाळहून एक वापरलेला बावीस इंची मॉनिटर आणला, तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपला जोडला.

चित्र आलं, पण पसरट. अक्षरं जाडी, कडा धुरकट, गोल शिक्का अंड्यासारखा आडवा.

"मामा, पाहा बरं तुमी. सगळे अक्षरं सुजल्यावानी काहून दिसते?"

तोवर केंद्रात तीन निदानं होऊन गेली होती. मॉनिटर जुना आहे, त्याचा पडदा गेला. गावात व्होल्टेज कमी येतं, म्हणून असं होतं. आणि तिसरं, जे कुठल्याही दुकानात ऐकायला मिळतं: सोन्याचा मुलामा असलेली महागडी केबल घ्या, चित्र एकदम साफ येईल. तिन्ही निदानं चुकीची होती. खरं कारण इतकं सुंदर आहे की ते कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे.

आपला सगळ्यांचा समज असा की केबल म्हणजे पाइप. इकडून चित्र सोडलं की तिकडे पडतं, जसं मोटर सुरू केली की शेतात पाणी पडतं. पण लॅपटॉप असं आंधळेपणाने चित्र सोडत नाही. आधी तो मॉनिटरला विचारतो: तू कोण, केवढा आणि तुला काय झेपतं? उत्तर मिळालं तरच त्या मापाचं चित्र तयार करतो. उत्तर मिळालं नाही तर बिचारा अंदाजाने एक जुनं, बेताचं माप धरतो. आमच्या केंद्रात नेमकं हेच झालं होतं.

आधी मापाचं बघू. या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. काचेत ते कायमचे घडवलेले असतात, कमीजास्त होत नाहीत. लॅपटॉप पाठवत होता १०२४ बाय ७६८, म्हणजे आठ लाखांच्याही आत. मॉनिटरने ते चित्र ताणून पडदाभर बसवलं. आडवं ताणलं १.८७५ पट, उभं फक्त १.४०६ पट. एकाला दुसऱ्याने भागा, उत्तर बरोबर चार तृतीयांश येतं. म्हणजे प्रत्येक अक्षर उंचीच्या मानाने एक तृतीयांश जास्त रुंद झालं. आणि धुरकटपणा? चित्रातल्या एका ठिपक्याला पडद्यावर आडवे पावणेदोनपेक्षा थोडे जास्त ठिपके वाट्याला आले. अर्धामुर्धा ठिपका रंगवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या रंगांची भेसळ करून वेळ निभावतो. पडदा ठणठणीत होता. त्याला चुकीच्या मापाचा सदरा घातला होता, एवढंच.

आता ही विचारपूस होते कशी, ते पाहू.

बियाण्याची पिशवी आणली की आपण आधी टॅग बघतो. वाण कोणता, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधीची. टॅग नसलेली पिशवी शहाणा माणूस पेरत नाही. मॉनिटरच्या आतही असाच एक टॅग असतो. तो एका बारक्या स्मृती-चिपमध्ये लिहिलेला असतो आणि त्याची मूळ लांबी आहे १२८ बाइट. बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. म्हणजे सगळी ओळख फक्त १२८ आकड्यांत. या टॅगला ईडीआयडी म्हणतात. पडदे आणि ग्राफिक्सचे नियम ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने १९९४ मध्ये तो आणला, आणि आज दुकानातून आणलेल्या मॉनिटरमध्येही मुळात तोच असतो.

पहिले आठ आकडे सगळीकडे सारखे: शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य. ही झाली टॅगची सुरुवात ओळखायची खूण. नववा आणि दहावा आकडा मिळून कंपनीचं नाव. दोनच आकड्यांत तीन अक्षरं कशी मावतात, हे मला फार आवडतं. बिट म्हणजे फक्त शून्य किंवा एक मावेल एवढी जागा, आणि असे आठ बिट मिळून एक बाइट. इंग्रजी अक्षरं २६, आणि पाच बिटांत ३२ गोष्टी सांगता येतात, म्हणजे एका अक्षराला पाच बिट पुरे. तीन अक्षरांचे झाले पंधरा. दोन बाइटांत बिट असतात सोळा, म्हणजे एक उरतो, तो शून्य ठेवायचा. डेल कंपनीची खूण आहे डी, ई, एल. वर्णमालेत ही अक्षरं चौथं, पाचवं आणि बारावं. ते पाच-पाच बिटांत लिहून सलग मांडा आणि आठ-आठचे दोन तुकडे करा, आकडे येतात १६ आणि १७२. जगातल्या कुठल्याही डेल मॉनिटरचा टॅग उघडा, तिथे हेच दोन आकडे असतात.

सतराव्या जागी सहसा तो वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते, आणि अठराव्या जागी वर्ष. वर्षातून १९९० वजा करून लिहितात. आमच्या मॉनिटरच्या टॅगवर तिथे २६ होते, म्हणजे तो २०१६ चा. दुकानदाराने "दोनेक वर्षं वापरलेला" म्हणून विकला होता. बाविसाव्या-तेविसाव्या जागी पडद्याची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये: ४८ आणि २७. पट्टी लावून पाहिलं, बरोबर निघालं.

सगळ्यात शेवटचा, १२८ वा आकडा राखणदार आहे. तो असा निवडलेला असतो की सगळ्या आकड्यांची बेरीज २५६ ने पूर्ण भागली जावी. नमुन्यादाखल फक्त पहिले आठ घ्या: सहा वेळा २५५ म्हणजे १५३०. २५६ च्या पाढ्यातली पुढची संख्या १५३६. म्हणजे राखणदार झाला ६. वाटेत एखादा आकडा बिघडला की बेरीज जुळत नाही आणि लॅपटॉपला कळतं की हा टॅग विश्वासाचा नाही.

पंचावन्नाव्या आकड्यापासून खरी मेख येते: चित्र कोणत्या वेळापत्रकाने पाठवायचं. इथे जुन्या डब्या टीव्हीची आठवण काढावी लागते. त्यात मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत जायचा. ओळ संपली की रिकामा परत यायचा आणि खालची ओळ धरायचा. धुऱ्यापर्यंत गेलेलं औत पुन्हा या टोकाला रिकामं आणून नवं तास धरावं, तसं. त्या रिकाम्या फेरीलाही वेळ लागतो, म्हणून तो हिशेबात धरलेला असे. आजच्या सपाट पडद्यात झोत नाही, औत वळत नाही, तरी ती मोकळी जागा हिशेबात राहिली आहे. १९२० ठिपक्यांच्या ओळीला वेळ दिला जातो २२०० ठिपक्यांचा, आणि १०८० ओळींच्या चित्राला ११२५ ओळींचा. सेकंदाला साठ चित्रं. गुणाकार करा: २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० म्हणजे १४ कोटी ८५ लाख. केबलमधून दर सेकंदाला एवढ्या ठिपक्यांचा हिशेब जातो. आणि एचडीएमआय केबलमधून, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या आजच्या केबलमधून, मॉनिटरच्या स्पीकरला जो आवाज जातो, तो याच रिकाम्या फेऱ्यांत भरून पाठवलेला असतो. कुणीतरी ती मोकळी गाडी वाया जाऊ दिली नाही.

टॅग वाचायला दोनच तारा लागतात. एकीवर ठेका, दुसरीवर शब्द. खंजिरी भजनात ठेक्यावर बोट ठेवून ओळ म्हणावी, तसा दर ठोक्याला एक बिट. सेकंदाला एक लाख ठोके, आणि प्रत्येक बाइटला नऊ: आठ बिटांचे, नववा "पोचलं" म्हणण्याचा. १२८ बाइटांना ११५२ ठोके, म्हणजे सुमारे बारा मिलिसेकंद. पापणी लवायच्या आत सगळी ओळख झालेली असते.

आणखी एक गंमत आपल्याकडे सहज बघता येते, कारण लाइट जातेच. टॅगच्या चिपला लागणारी ५ व्होल्टची वीज केबलमधून लॅपटॉपच पुरवतो. त्यामुळे लाइट गेलेली असताना, बॅटरीवरच्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावून डिस्प्ले सेटिंग उघडा. बऱ्याच मॉनिटरांच्या बाबतीत समोर काळा पडदा असतो, तरी लॅपटॉपवर त्याचं नाव झळकतं. मॉनिटर झोपलेला, पण खिशातला टॅग वाचता येतो.

तर आमच्या केंद्रात बिघडलं काय होतं? लॅपटॉप जुना, त्याला निळ्या तोंडाचं व्हीजीए पोर्ट. ही जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. पंधरा पिना, पाच-पाचच्या तीन ओळी. लाल, हिरवा, निळा हे रंग जाड तारांतून ० ते ०.७ व्होल्टच्या चढउतारात जातात. तेराव्या पिनेवर "नवी ओळ धर", चौदावीवर "नवं चित्र धर". टॅगचे शब्द बाराव्या पिनेवर आणि ठेका पंधराव्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये मॉनिटरच्या नावाच्या जागी "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" दिसलं, तेव्हाच माझ्या मनात शंका आली. मोबाइलचा टॉर्च लावून केबलच्या तोंडात पाहिलं. तिसऱ्या ओळीत पाचऐवजी दोनच पिना. तेरावी आणि चौदावी होती, बारावी आणि पंधरावी बसवलेलीच नव्हती. तांबं वाचवायला अशा स्वस्त केबली निघतात. रंग येतात, ओळी जुळतात, म्हणून चित्र दिसतं, पण विचारपूस करायची वाटच नसते. (मधल्या ओळीत एखादी पिन नसेल तर घाबरू नका. नववी पिन चांगल्या केबलीतही बऱ्याचदा नसते.)

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून तिसऱ्या ओळीत पाचही पिना असलेली साधी केबल आणली. लावताक्षणी पडदा एकदा काळा झाला आणि १९२० बाय १०८० वर आला. शिक्का गोल झाला.

इथे सोन्याच्या केबलीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. दमट जागी तो थोडा कामाचा. एचडीएमआयमधून जातात ते शून्य आणि एक. ते नीट पोचले तर चित्र पूर्ण, नाहीतर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा पडतो. "सोन्यामुळे रंग जास्त गडद" असं काही घडूच शकत नाही. तीच गत मॉनिटरच्या कोपऱ्यावर चिकटवायच्या "रेडिएशन शोषणाऱ्या" चकत्यांची. सपाट पडद्यातून आपल्याकडे येतो तो मुख्यतः प्रकाश, आणि तो अडवला तर दिसेल काय? अशी चकती जिल्ह्याच्या ठिकाणी शिकल्यासवरल्या लोकांच्या टेबलावर पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. ते पैसे तीन पिनांच्या धड सॉकेटवर आणि अर्थिंगवर घाला. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या अर्थिंग नसल्याने, आणि उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी पडली की आहे ते अर्थिंगही लंगडं होतं. केबल जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवावीत, ती याचसाठी.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एकच सूचना. टाइप-सीचं प्रत्येक भोक चित्र देत नाही. काही फक्त चार्जिंग आणि फायलींपुरती असतात. भोकाशेजारी डिस्प्लेची खूण आहे का, किंवा माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्टचा उल्लेख आहे का, ते बघूनच केबल घ्या.

केबल बदलून चार दिवस झाले आणि भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, पुन्हा धुरकट झालं न जी." या वेळी केबल निर्दोष होती. गिऱ्हाइकाला आपल्यासारखंच दिसावं म्हणून त्याने विंडोज आणि पी ही बटणं दाबून "डुप्लिकेट" निवडलं होतं. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवं तर माप दोघांनाही झेपणारं लागतं. त्याच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा, म्हणून मोठ्याला लहानाच्या मापाने चालावं लागलं. टॅग वाचला गेला होता, पण पाळता येत नव्हता. "एक्स्टेंड" निवडायला सांगितलं, तसे दोन्ही पडदे आपापल्या मापाने चालू लागले.

आता भाचा अर्ज भरतो आणि ती खिडकी माऊसने ओढून पलीकडच्या पडद्यावर सरकवतो. समोरचा माणूस पुढे वाकतो, बोट लावून नाव वाचतो, गट नंबर वाचतो, क्षेत्र वाचतो. परवा एका आजोबांनी "माह्या बापाच्या नावात काना राह्यला बाप्पा" म्हणून तिथल्या तिथे थांबवलं. काना घातला, आजोबांनी पुन्हा एकदा वाचलं, आणि मग अर्ज गेला.