परिचर्या परवाना परीक्षेच्या पूर्वकसोट्या
अमेरिकेत परिचर्येचे शिक्षण पुरे झाले तरी नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी ‘एनक्लेक्स-आरएन’ ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. उमेदवार तीत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होईल का, याचा अंदाज घेण्यासाठी नर्सिंग महाविद्यालये शेवटच्या सत्रात ज्या प्रमाणित सराव परीक्षा घेतात, त्यांना या नोंदीत पूर्वकसोट्या म्हटले आहे. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेची ‘हेसी एक्झिट’ आणि एटीआय या कंपनीची ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रेडिक्टर’ या त्यांतील विशेष प्रचारातल्या. त्यांच्या भाकितावर किती विसंबावे, याविषयी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मतभेद आहेत.

परवाना परीक्षेचे स्वरूप बदलत गेले, तशी भाकिताची पद्धतही बदलली. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून राज्यांच्या परिचर्या मंडळांनी सामायिक प्रश्नसंचावर आधारलेली परीक्षा स्वीकारली. तीत औषधवैद्यक, शल्य, प्रसूती, बालरोग व मनोरुग्ण परिचर्या असे पाच स्वतंत्र भाग असत. १९८२ पासून एकत्रित एनक्लेक्स सुरू झाली. प्रारंभी तिचे गुण कळवले जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच निकाल देण्यास सुरुवात झाली. संशोधकांच्या दृष्टीने हा फरक मोठा होता. आधी सराव परीक्षेचे गुण आणि परवाना परीक्षेचे गुण यांचा सहसंबंध सरळ काढता येई. आता काठावर निभावलेला आणि सहज उत्तीर्ण झालेला उमेदवार यांच्यातला भेद नाहीसा झाला. जुन्या आणि नव्या अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

एप्रिल १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर अनुकूलक पद्धतीने होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. परिणामी हुशार उमेदवाराचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतात आणि परीक्षा देऊन बाहेर पडताना अनेकांना आपण नापास झालो असेच वाटते. उमेदवाराची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे, असे ९५ टक्के खात्रीने सांगता आले की संगणक परीक्षा थांबवतो. याउलट अनेक पूर्वकसोट्यांमध्ये प्रश्नांची संख्या ठरलेली असते. तिथे शंभरातले सत्तर बरोबर येण्याला जो अर्थ आहे, तो परवाना परीक्षेत नाही.

हेसीच्या भाकिताची अचूकता ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे निष्कर्ष १९९९ पासून प्रसिद्ध होत आले. या चाचणीत ८५० गुण स्वीकारार्ह, तर ९०० गुण इष्ट मानण्याची प्रथा त्यातूनच रुजली. या अभ्यासांचे लेखक बहुधा चाचणीशी संबंधित होते, हा आक्षेप घेतला जातो. पण खरी अडचण गणिताची आहे. ही अचूकता मुख्यतः ज्यांच्या यशाचे भाकीत केले होते त्यांच्यापुरती मोजलेली असे. अमेरिकेत शिकलेल्या, पहिल्यांदा बसणाऱ्या उमेदवारांपैकी २०१९ मध्ये ८८ टक्के उत्तीर्ण झाले. ‘सगळेच उत्तीर्ण होतील’ असे डोळे मिटून सांगणाराही त्या वर्षी ८८ टक्के बरोबर ठरला असता.

एक काल्पनिक वर्ग घेऊ. १०० विद्यार्थी, त्यांतले १० परवाना परीक्षेत अडखळणार आहेत. पूर्वकसोटीने त्या १० पैकी ७ अचूक हेरले आणि उरलेल्या ९० पैकी ८० जणांना योग्य हिरवा कंदील दाखवला. म्हणजे ८३ जणांना ‘उत्तीर्ण व्हाल’ असे सांगितले व त्यांतले ८० झाले. भाकीत ९६ टक्के खरे. पण ‘धोक्यात आहात’ असे ज्या १७ जणांना सांगितले, त्यांतले १० उत्तीर्ण होणारेच होते. चाचणी वाईट नाही. नापास होणारे मुळात थोडे असले की असेच घडते. आणि महाविद्यालयाला माहिती हवी असते ती नेमकी या १७ जणांविषयी.

स्परलॉक आणि हंट या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाला येथे अधिक वजन द्यावे लागते. हेसीच्या पहिल्या प्रयत्नातील गुणांचा परवाना परीक्षेतील यशाशी संबंध आढळला, पण अपयश ओळखायला ते गुण फारसे उपयोगी पडले नाहीत. पुन्हापुन्हा दिल्यानंतरच्या शेवटच्या गुणांचा तर निकालाशी संबंधच दिसला नाही. हा अभ्यास एकाच अभ्यासक्रमापुरता होता, तरी त्यातला तर्क पटण्याजोगा आहे. तीच कसोटी तिसऱ्यांदा देताना मोजला जातो तो बराचसा त्या कसोटीचाच सराव.

उत्तीर्णतेची रेषाही स्थिर नसते. एप्रिल २०१३ मध्ये ती उणे ०.१६ लॉजिटवरून (लॉजिट म्हणजे उमेदवाराची क्षमता मोजण्याचे एकक) ०.०० वर नेण्यात आली आणि पहिल्या प्रयत्नातील उत्तीर्णांचे प्रमाण २०१२ मधील ९० टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर आले. विद्यार्थी एका वर्षात कच्चे झाले नव्हते. आधीच्या रेषेवर बेतलेले धोक्याचे गुण मात्र त्या दिवशी जुने झाले. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेत रुग्णसेवेतील निर्णयक्षमतेवर भर देणारे प्रकरणाधारित प्रश्न आले: एकाच रुग्णाच्या नोंदी, रक्तदाब, तपासण्या समोर ठेवून सलग सहा प्रश्न, आणि अंशतः बरोबर उत्तरालाही गुण. त्या वर्षी उत्तीर्णांचे प्रमाण २०२२ मधील सुमारे ८० वरून ८८.६ टक्क्यांवर गेले.

काही महाविद्यालये ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पदवी किंवा परीक्षेला बसण्याची अनुमती देत नाहीत. त्यामुळे अडवलेल्यांचे काय झाले असते हे कधीच कळत नाही आणि महाविद्यालयाचा निकाल उजळ दिसतो. नॅशनल लीग फॉर नर्सिंग या परिचर्या-शिक्षणाच्या अमेरिकन संस्थेने २०१२ मध्ये न्याय्य चाचणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. एकाच चाचणीवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, हा त्यांचा गाभा. सर्व शिक्षणखर्च भरलेल्या, सर्व विषय उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, वरच्या काल्पनिक वर्गातल्याप्रमाणे, १७ पैकी ७ वेळा म्हणजे ४१ टक्केच खऱ्या ठरणाऱ्या भाकितावर रोखणे असमर्थनीय आहे. तीच चाचणी सत्राच्या आरंभी घेऊन कच्चे विषय दाखवले, तर तिचा उपयोग निर्विवाद आहे.

महाराष्ट्रात जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, त्यासाठी वेगळी परवाना परीक्षा नसते. अमेरिकेत जाऊ इच्छिणारे एनक्लेक्स मुंबईतील केंद्रावर देऊ शकतात. पूर्वकसोट्यांचे बहुतेक अभ्यास मात्र अमेरिकेतच शिकलेल्यांवर झालेले आहेत. परदेशात शिकलेल्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण बरेच कमी असल्याने त्यांना ते आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.