दुःस्वप्ननगरी (विज्ञानपटांतील)

विज्ञानपटांत ऱ्हासाला लागलेल्या समाजाचे जे भविष्यकालीन शहर दिसते, ती दुःस्वप्ननगरी. न संपणारी रात्र, न थांबणारा पाऊस, धुक्यात बुडालेले मनोरे, ओल्या रस्त्यावर सांडलेले निऑन आणि डोक्यावरून फिरणारे झोतदिवे ही तिची ठरलेली लक्षणे. समीक्षकांना त्यात तत्त्वज्ञान दिसते. नेपथ्यकार आणि छायालेखक यांच्यापुढे मात्र आधी हिशेब असतो, कारण अंधार, धूर आणि पाऊस हे तिन्ही मुळात झाकण्याचे उपाय आहेत. जे बांधायला पैसे पुरले नाहीत ते काळोखात ढकलायचे, आणि जे बांधले ते भिजवून चमकवायचे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे फ्रित्स लांग यांचा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ (१९२७). मालक उंचावर आणि कामगार जमिनीखाली, ही उभी उतरंड तेव्हापासून रूढ झाली. ओट्टो हुंटे, एरिक केटलहुट आणि कार्ल फोलब्रेख्त यांच्या नेपथ्यातल्या शहराच्या छोट्या प्रतिकृतीच्या रस्त्यावरील मोटारी हाताने किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या, असे चालले. माणसे आणि प्रतिकृती एकाच चित्रात आणण्यासाठी ऑयगेन शुफ्तान यांची आरसापद्धत होती. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत आरसा ठेवून बाजूच्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब त्यात घ्यायचे. जिथे नट दिसायला हवेत तेवढ्याच भागातला चांदीचा थर खरवडून काच मोकळी करायची आणि नटांना त्या खिडकीपलीकडे, प्रमाण जुळेल इतक्या अंतरावर उभे करायचे. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते, म्हणून प्रतिकृतीही उलटी बांधावी लागते. कॅमेरा केसभर हलला तरी सांधा उघडा पडतो.

आज प्रचलित असलेला साचा मात्र रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’चा (१९८२). कथा २०१९च्या लॉस एंजेलिसची. रस्ता बरबँक येथील स्टुडिओच्या आवारातला, जुन्या चित्रपटांत न्यूयॉर्क म्हणून वापरला गेलेला. संकल्पनाचित्रकार सिड मीड आणि नेपथ्यकार लॉरेन्स पॉल यांनी शहर नवे न बांधता जुन्याचीच डागडुजी चालू असल्याचे दाखवले. इमारत पाडणे परवडत नाही, म्हणून तिच्या अंगावर नळ, वायरी, हवेची नळकांडी आणि जनित्रे चढत जातात. ही युक्ती स्वस्त आहे आणि पटतेही. कोणतेही खरे शहर असेच वाढते. खऱ्या वास्तूही वापरल्या त्या जुन्याच, १८९३ची ब्रॅडबरी इमारत आणि फ्रँक लॉइड राइट यांचे १९२४चे एनिस हाउस.

चित्रीकरण बहुतांशी रात्री झाले. दिवसा त्या गल्लीच्या टोकाला कॅलिफोर्नियाचे निळे आकाश आणि डोंगर दिसले असते.

पावसाबद्दल एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. समोरून प्रकाश टाकला तर पाऊस दिसत नाही. थेंबामागे दिवा आणि त्याही मागे गडद पार्श्वभूमी असेल तरच प्रत्येक धार चांदीच्या तारेसारखी उमटते. थेंब जाड हवेत. बारीक तुषार पडद्यावर नुसते धुके वाटतात. पाणी टाक्यांतून, डोक्यावरच्या भोकांच्या नळ्यांतून सोडतात आणि कॅमेऱ्यात न दिसणारा रस्ताही आधी भिजवून घेतात, कारण अर्धवट सुकलेले डांबर करडे पडते आणि पाटीचे प्रतिबिंब त्यात उतरत नाही. ओला रस्ता प्रत्येक दिव्याचे दोन करतो. निऑनचा खर्च अर्ध्यावर येतो म्हटले तरी चालेल.

धूर याहून हट्टी. छायालेखक जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी झगझगीत झेनॉन झोत खिडक्यांतून आत फिरवले. ते आकाशातल्या जाहिरातनौकांचे दिवे आहेत, अशी कथेतली सबब होती. झोताचा खांब दिसायला हवेत धूर लागतो. कमी पडला तर खांब नाहीसा होतो, जास्त झाला तर काळा रंग दुधाळ होऊन चेहरे राखाडी पडतात. पहिल्या टेकचा (एका सलग चित्रणाचा) दाटपणा चौथ्यात उरत नाही आणि संकलनात दोन्ही शेजारी आले की एकाच वाक्याच्या मध्यात हवा बदललेली दिसते. उघड्या रस्त्यावर वारा सुटला तर सगळेच मुसळ केरात.

कथेतल्या कृत्रिम माणसांच्या डोळ्यांतली लालसर चमक हीसुद्धा आरशाचीच किमया. भिंगापुढे अर्धपारदर्शक काच ४५ अंशांत धरून तिच्यावरून मंद प्रकाश थेट बुबुळात पाठवला. शुफ्तान यांच्या आरशाचाच हा दूरचा भाऊबंद.

आरंभीचे आगी ओकणारे औद्योगिक क्षितिज हे दृश्यपरिणामकार डग्लस ट्रंबल यांच्या चमूने बांधलेले साधारण १३ फूट खोल आणि १८ फूट रुंद मेज होते. पुढचे मनोरे तपशीलवार, मागचे पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले सपाट आकार. खालून दिवे आणि प्रकाशतंतू. ज्वाळा वेगळ्या चित्रित करून मेजावरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर प्रक्षेपित केल्या. खोलीत इथेही धूर, पण त्याचे गणित निराळे. १:७५० प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे जेमतेम १.३ मीटर. खऱ्या शहरात कित्येक किलोमीटरनंतर दिसणारा धुरकटपणा इथे काही पावलांत आणायचा, म्हणजे धूर दाट हवा. तो दाटपणा संवेदकाने मोजून कायम राखावा लागतो, कारण त्याच निगेटिव्हवर पुन्हा पुन्हा चित्रण करतात: एकदा इमारतींचे अंग, एकदा खिडक्या, एकदा झोत. मधल्या काळात धूर बदलला तर खिडक्या इमारतीपासून सुटून तरंगतात. प्रत काढताना चित्राचा दाणा (रवाळपणा) वाढतो म्हणून हे काम ६५ मिमी फिल्मवर झाले, मूळ चित्रपट ३५ मिमीवर असूनही. प्लास्टिकची प्रतिकृती असेल तर आतल्या दिव्यांची उष्णता हा कायमचा धोका.

संगणकावर शहर उभारताना नेमकी हीच हवा विसरली जाते. क्षितिजापर्यंत सगळे धारदार, सगळ्या खिडक्या एकाच पांढऱ्या रंगाच्या आणि एकाच तेजाच्या. मग दहा किलोमीटरचे शहर खेळण्यासारखे दिसते. उलट ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये (२०१७) छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी लास व्हेगास नारिंगी धुळीत बुडवले. त्यामागे २००९च्या सिडनीतील धुळीच्या वादळाची छायाचित्रे होती. बाकी गुलाबी-निळ्या निऑनचा आज जो सुकाळ आहे, त्यात विचारापेक्षा सवय जास्त.

रेखाटलेल्या चित्रपटांत धूर सोडता येत नाही. रंगच मोजून वापरावे लागतात. कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’त (१९८८) ३२७ रंग होते आणि त्यांपैकी ५० खास त्याच्यासाठी तयार केलेले. मामोरू ओशी यांनी ‘घोस्ट इन द शेल’साठी (१९९५) हाँगकाँगचे पाट्यांनी गजबजलेले, पाण्याने वेढलेले रस्ते आधार म्हणून घेतले.

इथे एक खोट सांगायलाच हवी. अमेरिकी चित्रपटांत चिनी-जपानी अक्षरांच्या पाट्या आणि रस्त्यावरचे शेवयांचे ठेले म्हणजे अधोगती, असे समीकरण १९८०च्या दशकातल्या जपानी भांडवलाच्या धास्तीतून आले आणि तसेच चिकटले. पाट्या आशियाई, बोलणारी पात्रे मात्र बहुतेक गोरी.

नेपथ्याशिवाय चालणारी शाखाही आहे. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांच्या ‘आल्फाव्हिल’साठी (१९६५) छायालेखक राऊल कुतार यांनी खऱ्या पॅरिसच्या काचेच्या इमारती रात्री, जेमतेम उपलब्ध प्रकाशात टिपल्या. अल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये (२००६) २०२७चे लंडन दिवसाउजेडी, मळक्या ढगाळ प्रकाशात दिसते. नवी यंत्रे जवळजवळ नाहीत. जुन्या गाड्या आणखी मळवल्या आहेत आणि फ्लीट स्ट्रीटवर रिक्षा धावतात. आपण ज्या वाहनाने रोज स्टेशन गाठतो, ते तिथे शहर रसातळाला गेल्याची खूण म्हणून आणले आहे.