गर्भारपणाचा मधला काळ

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास १४ ते २७ आठवडे, म्हणजे ढोबळमानाने चौथा ते सहावा महिना. मळमळ, उलट्या बहुतेकींच्या ओसरतात, जेवण गोड लागते. ‘आता हिला बरं आहे’ म्हणत घरची आणि रानातली कामे पुन्हा अंगावर पडतात तीही याच दिवसांत, आणि इथेच हेळसांड होते.

विसाव्या आठवड्यात बाळ सुमारे ३०० ग्रॅमचे, डोक्यापासून टाचेपर्यंत २५ सेंटिमीटरच्या आसपास असते. अंगावर बारीक लव आणि पांढरा चिकट थर असतो; सतत पाण्यात असलेली कातडी त्यामुळे जपली जाते. पहिलटकरणीला हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला पोटात वात फिरल्यासारखेच वाटते. गर्भाशय याच सुमारास बेंबीपर्यंत येते. पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून टेपने मोजलेली पोटाची उंची जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे. वाढ मागे पडल्याचा पहिला संशय अनेकदा या टेपनेच येतो. बाळातील व्यंगे पाहणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करतात. लिंग सांगण्यास १९९४च्या कायद्याने बंदी आहे.

आईचे रक्त गर्भारपणात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढते, पण पेशींपेक्षा पातळ भाग जास्त वाढतो. म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक. ११च्या खाली मात्र रक्तक्षय धरतात. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस घ्यायच्या. शौचास काळे होते म्हणून पुष्कळजणी त्या मधेच सोडतात; त्यात घाबरण्यासारखे काही नसते. सातारा-सांगलीकडे जेवण झाले की चहा होतोच. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. भाकरीसोबत पालेभाजी, मटकी, हुलगे असावेत.

रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, जाणवू लागलेली हालचाल थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

कराड, वाळवा भागांत दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या गर्भार बायका पाचव्या-सहाव्या महिन्यातही डोक्यावर मोळ्या वाहतात, आणि तपासणीचे कार्ड अनेकदा गावीच राहिलेले असते. कार्ड नसले तरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत मिळते. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत त्यासाठी खास दिवस असतो. टोळीच्या मुकादमाने त्या दिवशी बाईला खाडा न लावता सोडले पाहिजे.