बैलाचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडे उभे राहतात, तेव्हा गिऱ्हाईक आधी अंगावरची चमक बघतं. ती आणायला मालक हरभरा, गूळ, दूध, तूप, सुचेल ते चारतात. हौसेला मोल नसतं, कबूल. पण ती पचवायची असते घोड्याला.

आपल्याकडे जनावर म्हटलं की डोळ्यासमोर बैल येतो. बैल भराभर चारा ओढतो, मग सावलीत बसून रवंथ करतो. चारा आंबवणारे सूक्ष्मजीव त्याच्या पोटाच्या पुढच्याच कप्प्यात असतात. घोड्याचा कारभार उलटा. जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं, आणि आंबवण्याचा कारखाना पार मागे, अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आणि मोठ्या आतड्यात. म्हणून मोकळा घोडा दिवसरात्र थोडंथोडं चरत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. संध्याकाळी तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, चढवला आणि रात्रभर गव्हाण रिकामी, की ते आम्ल जठराच्या अस्तरालाच लागतं.

दाण्याची गोष्ट याहून वाईट. एकाच वेळी भरपूर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दिली की तिच्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, तसाच मागे जातो. तिथले जीव त्याच्यावर तुटून पडतात, लॅक्टिक आम्ल वाढतं, तंतू पचवणारे जीव मरतात आणि विषारी द्रव्यं रक्तात शिरतात. मग पोटाचं दुखणं खुरात उतरतं. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं, ते सुजतात. पुढचे पाय पुढे ताणून, भार मागच्या पायांवर टाकून उभा असलेला घोडा दिसला आणि खुराला हात लावल्यावर गरम वाटला, तर नालबंदाच्या आधी पशुवैद्याला बोलवा.

मग द्यायचं किती? आधी वजन काढा, काट्याची गरज नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11877, म्हणजे अंदाजे किलो. घेर 160, लांबी 135 असेल तर वजन भरतं 290 किलोच्या आसपास. अशा घोड्याला रोज निदान साडेचार किलो कोरडी वैरण हवीच, ती दोन-तीन वेळांत वाटून. चंदी एका वेळी किलोभराच्या वर नको. हलकं काम करणाऱ्याला ती मुळात फारशी लागतही नाही. चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. मागच्या कारखान्यातल्या कामगारांना नवा माल ओळखायला तेवढा वेळ लागतो.

गव्हाच्या कोंड्याचं आपल्याकडे फार कौतुक. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट. रोज बादलीभर कोंडाच चारला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं आणि चेहऱ्याची हाडं फुगतात. कधीमधी ओंजळभर दिलात तर बिघडत नाही. जोडीला लसूणघास असला तर उत्तम, त्यात कॅल्शियम भरपूर असतं.

सकाळी लीद हातात घेऊन फोडून बघावी. नाक मुरडू नका, एवढं सांगणारी दुसरी चीज तबेल्यात नाही. आख्खे दाणे किंवा बोटभर लांब काड्या दिसल्या तर दाढांना धार आली असेल. घोड्याची दाढ वर्षाला 2-3 मिलिमीटर वर येत राहते आणि वेडीवाकडी झिजते. कानस लावायला माहीतगार पशुवैद्यच हवा.

आणि पोटशूळ. घोडा वळून कुशीकडे बघतो, पाय आपटतो, लोळतो. त्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूचं कडं इतकं घट्ट की आत गेलेलं परत येत नाही. अशा वेळी नळीनं तोंडातून तेल पाजू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. दाणा-वैरण काढून घ्या. जबड्याखालच्या कडेला दोन बोटं लावून नाडी मोजा. शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. साठच्या वर गेली असेल तर डॉक्टरांना फोनवर आधी तो आकडा सांगा, आणि शेवटची लीद कधी टाकली तेही.