जयपूर फूट : कुबड्यांवर परतलेल्या रुग्णांनी घडवलेला पाय

वैद्यकीय साधने रुग्णांना सोबत घेऊन घडवावीत, या विचाराला आज सहनिर्मिती असे नाव मिळाले आहे आणि त्याच्या रीतसर कार्यपद्धतीही तयार झाल्या आहेत. आपल्याकडे मात्र हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात हे काम प्रत्यक्ष घडले, आणि त्याची सुरुवात रुग्णांच्या नकारातून झाली.

त्या काळी पाय गमावलेल्यांना पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय बसवला जाई. त्याचा घोटा हलत नसे, आत लाकडाचा कडक गाभा असे आणि वर बूट चढवल्याखेरीज तो वापरता येत नसे. शेतात चिखल तुडवणाऱ्या, घरात आणि देवळात अनवाणी वावरणाऱ्या, जेवायला मांडी घालून बसणाऱ्या आणि शौचाला उकिडवे बसावे लागणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? बसवलेला पाय घरी ठेवून रुग्ण पुन्हा कुबड्यांवर दिसत, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी त्यांना दोष न देता कारणे विचारली, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

उत्तर हाताने घडवले ते रामचंद्र शर्मा यांनी. शालेय शिक्षण जेमतेम झालेले हे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवत आणि सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. सायकलच्या टायरचे काम पाहताना त्यांना रबराची कल्पना सुचली, असे सांगतात. टाच आणि चवड्यासाठी स्पंजासारख्या रबराचे ठोकळे, घोट्याला वेगळा ठोकळा, त्यांवर टायरमधील दोऱ्यांचा वेढा आणि सर्वांत बाहेर कातडीच्या रंगाचे रबर, असे सगळे साच्यात घालून भाजून एकजीव केले जाई. बोटे असलेला, पाण्याला न भिणारा आणि सर्व दिशांना लवणारा हा पाय १९६८ च्या सुमारास आकाराला आला. त्यावर उकिडवे बसता येई, आणि बूट घालायचा की नाही हे आता वापरणारा ठरवू शकत होता.

पहिली काही वर्षे तो मोजक्याच रुग्णांपर्यंत पोहोचला. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि मोफत पाय बसवण्याच्या कामाला वेग आला. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव मात्र त्या मानाने मागेच राहिले, याची खंत वाटते. मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी अपघातात पाय गमावल्यानंतर हाच पाय लावून १९८४ मध्ये पुन्हा भरतनाट्यम सादर केले, तेव्हा देशभर घरोघरी ‘जयपूर फूट’ हा शब्द पोहोचला.

पुढे पायाच्या नळीसाठी ॲल्युमिनियमऐवजी पाण्याच्या पाइपाचे प्लॅस्टिक आले, आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर स्वस्त कृत्रिम गुडघाही तयार झाला. आता दूरवरून आलेला माणूस बहुधा एका दिवसात पाय बसवून घरी जातो. रोजगार बुडवून आलेल्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पण सहा महिन्यांनी त्याचा पाय कुठे घासतो, बांधावर कुठे घसरतो, हे विचारायला कोणी त्याच्या गावी जाणे तितकेच गरजेचे आहे, कारण पहिला पाय अशाच तक्रारींतून घडला होता.