नाव पाँटियाक, आत शेव्हरोले : सुटे भाग मागवण्याआधी हे वाचा

(ओंटारिओ आणि परिसरातील आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

"१९६५ची पॅरिसियन, व्ही-८, वॉटर पंप पाठवा" एवढ्यावर आम्ही ऑर्डर घेत नाही. त्याचं कारण असं.

पाँटियाक आणि शेव्हरोले हे दोन्ही जनरल मोटर्सचेच ब्रँड. अमेरिकेतल्या त्या काळच्या मोठ्या पाँटियाकमध्ये पाँटियाकचं स्वतःचं ३८९ घनइंची इंजिन असे. ओशावात, म्हणजे जनरल मोटर्सच्या ओंटारिओतल्या कारखान्यात, तयार झालेल्या पॅरिसियन, लॉरेन्शियन आणि स्ट्रॅटो-चीफ या पाँटियाकमध्ये मात्र शेव्हरोलेचं इंजिन; व्ही-८ असेल तर बहुधा २८३ किंवा ३२७. चासीही शेव्हरोलेचीच. अमेरिकन कॅटलॉग पाहून मागवलेला पंप बसणारच नाही. १९५९च्या गाडीत फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. अमेरिकन पाँटियाक त्या वर्षी 'वाइड ट्रॅक', म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली, म्हणून गाजली. कॅनडाची गाडी अरुंद शेव्हरोले चासीवर, त्यामुळे रुंद अंगाखाली चाकं आत ओढल्यासारखी वाटतात. काहींना ती बेढब वाटते, आम्हाला आवडते.

हा खटाटोप जकातीमुळे. अमेरिकेतून आणलेल्या गाडीवर १७.५ टक्के आयात शुल्क होतं आणि इथला बाजार लहान. प्रत्येक ब्रँडसाठी वेगळं इंजिन, वेगळी चासी परवडत नव्हती. जानेवारी १९६५मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऑटो पॅक्टवर, म्हणजे गाड्यांवरची जकात हटवणाऱ्या करारावर, सह्या केल्यावर हे गणित बदललं, तरी जुनी नावं लगेच गेली नाहीत. जनरल मोटर्सचीच कॅनडातली बोमाँट १९६९पर्यंत चालली. तिची बॉडी शेव्हरोले शेव्हेलची, डॅशबोर्ड पाँटियाक टेम्पेस्टचा. पुढची जाळी आणि मागचे दिवे मात्र तिचेच. ते आधी सांभाळा. इंजिनाचं सामान केव्हाही मिळेल, पण फुटलेला मागचा दिवा शोधायला वर्ष जाऊ शकतं.

फोर्डची गोष्ट वेगळी. मर्क्युरी हा फोर्ड कंपनीचाच महाग ब्रँड. छोट्या गावात एकच डीलर असायचा, फोर्डचा किंवा मर्क्युरीचा. फोर्डवाल्याला महाग गाडी हवी म्हणून मर्क्युरीवरून मोनार्क निघाली, आणि मर्क्युरीवाल्याला स्वस्त हवी म्हणून फोर्डवरून मीटिऑर. फ्रॉन्टेनॅक तर १९६० या एकाच वर्षाची, म्हणजे मेपलची लाल पानं लावलेली फोर्डची छोटी फाल्कन. यांत्रिक भाग फाल्कनचे चालतात. ती पानं तुटली असतील तर आमच्याकडूनही फार आशा ठेवू नका.

क्रायस्लरने प्लिमथच्या बॉडीला डॉजचं नाक लावून विकलं. शौकीन लोक तिला 'प्लॉज' (प्लिमथ + डॉज) म्हणतात. डॉजचेच ट्रक इथे फार्गो नावानेही विकले जात. (मुंबईच्या जुन्या मंडळींना फार्गो आठवत असेल, प्रीमियरमुळे.) अशा गाडीला दाराची काच मागवताना प्लिमथची म्हणून सांगा. पुढची जाळी हवी असेल तर आधी फोटो पाठवा.

तेव्हा ऑर्डरसोबत एवढं पाठवा : चासी नंबर, बॉडीवरच्या माहिती-पट्टीचा फोटो आणि इंजिन ब्लॉकवरचा ओतीव नंबर. तिन्ही हवेत, कारण पन्नास-साठ वर्षांत इंजिन बदललेल्या गाड्या खूप आहेत. गाडी अजून घ्यायची असेल आणि विकणारा "सगळं मूळचंच आहे" म्हणत असेल, तर ओशावाच्या गाड्यांची मूळ नोंद आज कुठे मिळते ते जनरल मोटर्स कॅनडाकडे विचारा. मिळत असेल तर गाडीचे पैसे देण्याआधी ती मागवा.

बसवून पाहिलेला विजेचा भाग परत घेतला जात नाही. बाकीचा भाग परत करायचा असेल तर खोक्यासकट आणावा.